कादरभाईंची बोहनी

मिरजगावच्या बसस्थानकासमोर, महामार्गाच्या अलीकडच्या अंगाला, कादरभाई तांबोळी यांची टपरी आहे. पानविडीची टपरी म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, ते येथे प्रथम पुसून टाकावे लागते. या टपरीसमोर पानाची पिंक पडलेली कोणी पाहिली नाही. फळ्या रोज ओल्या फडक्याने पुसल्या जातात, काचेच्या बरण्या उंचीप्रमाणे उभ्या असतात, चुन्याची डबी उजवीकडे आणि काथाची डावीकडे, आणि अठरा वर्षांखालील कोणास तंबाखू विकली जात नाही असे सांगणारी पाटी चारही खिळ्यांनी अशी सरळ ठोकलेली असते की गवंड्याने तिच्याकडे पाहून ओळंबा तपासावा.

ही पाटी नुसती टांगलेली नव्हती. गुटख्यावर बंदी आली तेव्हा कादरभाईंनी पुड्यांच्या माळा उतरवल्या, त्या पुन्हा चढवल्या नाहीत. सुटी विडी आणि सुटी सिगारेट विकायची नाही असा नियम निघाला, तो रस्त्यावरच्या कोणी फारसा मनावर घेतला नाही. कादरभाईंनी मात्र घेतला. गाडी सुटायच्या घाईत एखादा प्रवासी म्हणे, ‘‘चाचा, एकच द्या की.’’

‘‘अख्खं बंडल न्या, न्हाईतर सोडून द्या,’’ कादरभाई म्हणत. ‘‘सोडलीत तर लईच बरं.’’

‘‘मग दुकान कशाला मांडलंय?’’

‘‘तुमी सोडीत न्हाई म्हनून.’’

एवढ्या नियमनिष्ठ माणसाच्या टपरीत दोन गोष्टी मात्र नियमाला सोडून होत्या. पहिली अशी की, पाकिटांवर आणि बंडलांवर सरकारने जी भयंकर चित्रे छापायला लावली आहेत, ती बाजू ते भिंतीकडे करून ठेवत. दिवसभर कुजलेल्या गळ्यांच्या माणसांसमोर बसवत नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसरी गोष्ट म्हणजे दोरी. टपरीच्या डाव्या खांबाला, एका लांब खिळ्यावर, काथ्याच्या सुंभाची दोरी लोंबत असे. तिचे खालचे टोक दिवसभर धुमसत राही आणि येणारा-जाणारा त्यावर विडी पेटवून घेई. तालुक्याहून एकदा पाहणीला माणसे आली. त्यांनी पाटी पाहून शाबासकी दिली आणि दोरी पाहून कपाळाला आठ्या घातल्या. ओढणाऱ्याला पेटवायची सोय करून देणे हेही कायद्यात बसत नाही, असे त्यांनी समजावले.

‘‘साहेब, ती अब्बांची हाय,’’ कादरभाई म्हणाले.

कादरभाईंचे अब्बा ही टपरी चालवत, आणि दोरीपाशी बसून स्वतःही विडी ओढत. त्यांना खोकला लागला. क्षयाची औषधे झाली, ती संपल्यावर पुन्हा तीच सुरू झाली, पण खोकला हटला नाही आणि अब्बा गेले. ‘टीबीने गेले’ असे घरात, गल्लीत आणि मशिदीत सर्वांनी म्हटले, आणि ते तसेच राहिले. कादरभाईंनी स्वतः विडी कधी ओठाला लावली नाही; परंतु अब्बांची दोरी रोज सकाळी पेटवणे हे त्यांच्या लेखी दुकानाला लोबानाचा धूप दाखवण्याइतकेच आवश्यक होते. पाहणीची माणसेही अखेर माणसेच होती. ती काही न लिहिता निघून गेली.

आता बोहनीचे सांगायला हवे, कारण पुढचे सर्व तिच्यावरच अवलंबून आहे.

दिवसाची पहिली विक्री ज्याच्या हातून होते, त्याच्या हाताचा गुण दिवसभर दुकानाला लागतो, असे सर्वच दुकानदार मानतात. कादरभाईंचे मानणे जरा अधिक काटेकोर होते. अब्बांच्या मागे ते प्रथम टपरीवर बसले, त्या सकाळी पहिले गिऱ्हाईक म्हणून आले ते राधाकृष्ण. गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारे, ज्वारी आणि लिंबोणीवर संसार करणारे, आणि शाळेत कादरभाईंच्या शेजारच्या पाटावर बसलेले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टपरीत एक बंडल शिल्लक राहिले नाही. त्या दिवशी गावचा आठवडे बाजार होता आणि कसलीशी सभाही होती, ही बाब कादरभाईंनी हिशेबात धरली नाही. तेव्हापासून बोहनी राधाकृष्णांच्याच हातची. ते दूध घालून येत, नोट पुढे करीत. कादरभाई ती डोळ्यांना लावून गल्ल्यात टाकत आणि बंडल देत. राधाकृष्ण त्यातली पहिली विडी दोरीवर पेटवत. हे होईपर्यंत टपरीतून कोणाला काही मिळत नसे. गाडी लागलेली असो, वाहक शिट्टी वाजवीत असो, गिऱ्हाईक हातघाईवर आलेले असो. कादरभाई रस्त्याच्या वळणाकडे पाहत बसून राहत.

‘‘चाचा, तुमचा राधाकिसन मेला तर दुकान बंद करनार का?’’ असे एकदा एका चालकाने चिडून विचारले होते.

‘‘तुज्या तोंडात किडे पडोत,’’ असे म्हणून कादरभाईंनी त्याला आठवडाभर पान दिले नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात राधाकृष्णांच्या खोंडाचे दावे तुटले. त्याला धरायला गेलेल्या धन्याच्या बरगडीवर त्या जनावराने अशी ढुशी दिली की राधाकृष्ण गव्हाणीत जाऊन पडले. बरगडी मोडली की काय हे पाहण्यासाठी छातीचा फोटो काढला. बरगडी शाबूत होती. तिच्यामागे, उजव्या फुप्फुसात, एक डाग होता.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर निकिता वयाने लहान होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी क्षयाच्या गोळ्या लिहून दिल्या नाहीत. थुंकी तपासली, नगरला पाठवून मोठ्या यंत्रातून छाती पाहून घेतली, सुई घालून तुकडा काढवला, आणि मग राधाकृष्णांना बोलावून घेतले. त्यांच्यासोबत पत्नी छबूबाई होत्या आणि, अर्थातच, कादरभाई होते.

‘‘काका, हा कर्करोग आहे,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘पण लहान आहे, एकाच जागी आहे. नगरचे सर्जन ऑपरेशन करायला तयार आहेत. असं नशीब फार थोड्यांना मिळतं.’’

‘‘नशीब कसलं, खोंडाची किरपा,’’ राधाकृष्ण म्हणाले.

‘‘थट्टा नाही, काका. आपल्याकडे छातीच्या कर्करोगाचे पेशंट वाढत चाललेत, सगळ्या देशात. आणि बहुतेक जण आमच्यापर्यंत पोचतात तेव्हा कापून काढण्यासारखं काही उरलेलं नसतं. खोकला आला की आधी टीबी समजतात. गोळ्या चालू राहतात, रोग आत पसरत राहतो.’’

कादरभाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. ‘‘बाई,’’ त्यांनी हळू विचारले, ‘‘दोनदा टीबीच्या गोळ्या खाऊनबी गुन आला न्हाई, तर मग त्यो...?’’

‘‘तपासल्याशिवाय सांगता येत नाही, चाचा. पण असं पुष्कळदा होतं. कोणाविषयी विचारताय?’’

‘‘न्हाई. असंच.’’

डॉक्टरांनी पुन्हा राधाकृष्णांकडे मान वळवली. ‘‘एकच अट आहे. ऑपरेशनपर्यंत विडी पूर्ण बंद. आजपासून. फुप्फुसाचा एक भाग काढला की उरलेल्यावर सगळा भार येतो. ते धुराने भरलेलं असेल तर सर्जन हात लावणार नाहीत. तारीख पुढे जाईल, आणि हा डाग तारखेची वाट बघत बसत नाही. रोज किती ओढता?’’

राधाकृष्ण छताकडे पाहू लागले. उत्तर कादरभाईंनी दिले.

‘‘एक बंडल, बाई. माझ्याच दुकानातलं.’’

त्या रात्री कादरभाईंनी मनाशी जे ठरवले, ते हेतूने निर्मळ होते आणि रीतीने सर्वस्वी चुकीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकृष्ण नेहमीप्रमाणे आले. बस पकडायला निघालेली पाचसहा माणसे ताटकळत उभी होती. राधाकृष्णांनी नोट पुढे केली. सवयीने केली, की मित्राची बोहनी मोडू नये म्हणून केली, हे त्यांनाही सांगता आले नसते.

‘‘न्हाई,’’ कादरभाई म्हणाले.

बोहनीच्या वेळी दुकानदार हा शब्द उच्चारत नाही. माल नसेल तर ‘उद्या येईल’ म्हणतो, ‘दुसरं काही दाखवू का’ म्हणतो. पण आलेल्या पहिल्या हाताला नकार देत नाही. मागे उभी असलेली माणसे माना उंचावून पाहू लागली.

‘‘बोहनीला न्हाई म्हनतोस, कादऱ्या?’’

‘‘तुला विडी देनार न्हाई. दुसरं काय बी माग.’’

‘‘बरं,’’ राधाकृष्ण म्हणाले आणि बाजूला सरकले. ‘‘ह्यांना देनार का?’’ त्यांनी मागच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. तो पाथर्डीकडचा ऊसतोड मजूर होता आणि त्याला गाडी गाठायची होती.

कादरभाईंनी चुन्याची डबी उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

‘‘सांग की. मला न्हाई आन् सगळ्या गावाला हाय? माझी छाती तेवढी छाती, आन् ह्या गड्याची काय पत्र्याची हाय?’’

एवढे बोलून राधाकृष्णांनी नोट खिशात घातली, ते रस्ता ओलांडून पेट्रोल पंपाशेजारच्या नव्या टपरीवर गेले, तेथे बंडल घेतले, आणि कादरभाईंना नीट दिसेल अशा जागी उभे राहून लायटरवर विडी पेटवली. त्या मजुराने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि तोही तिकडे गेला. कादरभाईंनी दोरी विझवली आणि टपरीची फळी पाडली. त्या दिवशी बोहनी झाली नाही.

पुढचे काही दिवस टपरी उघडी होती, पण कादरभाई तिच्यात नव्हते. कोणाच्याही हातून पहिली विक्री होई. ते नोट डोळ्यांना न लावताच गल्ल्यात टाकत. एकाला गोड मसाला हवा होता, त्याच्या पानात त्यांनी तंबाखू घातली. ते गिऱ्हाईक परत येऊन जे बोलले ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले. रस्त्यापलीकडे रोज सकाळी एक ओळखीचा फेटा पाठमोरा उभा असे आणि त्याच्यावर धूर चढत असे.

मग एके दिवशी लिंबांची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेल्या छबूबाई टपरीसमोर थांबल्या.

‘‘कादरभावजी, पाटी उतरवा.’’

कादरभाईंनी पाटी उतरवून बाकावर ठेवली आणि पाणी पुढे केले.

‘‘तुमी त्यांना विडी न्हाई म्हनला, मनाला बरं वाटलं,’’ छबूबाई म्हणाल्या. ‘‘म्हनलं, कुनीतरी म्हनलं. पर आता दिवसाला दोन बंडलं जळत्यात. तुमच्याकडं हुतं तवा एकच, आन् त्यावर तुमी बोलायचा. तिथं कोन बोलतंय?’’

‘‘वहिनी, मी त्याच्या भल्यासाठी...’’

‘‘त्ये मला म्हाईत हाय. पर चार मान्सांत म्हनलात. आन् म्हनून झाल्यावर तीच विडी दुसऱ्याला द्याया काढली. घरी येऊन ते जेवलं न्हाईत. म्हनले, कादऱ्यानं मला मेल्यात जमा धरलं.’’ त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढून घेतला; बाजाराची वेळ होत होती. ‘‘नगरची तारीख महिन्यावर आली. तुमच्यातलं तुमी मिटवा. माझं दोघंबी ऐकत न्हाई.’’

पाटी पुन्हा डोक्यावर देताना कादरभाईंचे लक्ष शेल्फाकडे गेले. बंडले पाठमोरी होती. त्यांनी एक उचलून फिरवले आणि त्यावरच्या माणसाकडे प्रथमच नीट पाहिले. हे चित्र बाजारात आले तेव्हा राधाकृष्णांनीच विचारले होते, ‘‘कादऱ्या, ह्यो गडी तुझ्याकडनंच विडी न्यायचा का रं?’’ आणि दोघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

त्यांनी एकेक करून सर्व बंडले फिरवली. मग अब्बांच्या जागेवर बसून बराच वेळ ते त्या रांगेकडे पाहत राहिले. राधाकृष्णांचा प्रश्न अगदी सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर एकच होते. ते उत्तर महागात पडणार होते, म्हणूनच त्या सकाळी ते जिभेवर आले नव्हते.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ते घरात सांगितले. मुलगा इम्रान टेम्पो चालवतो. त्याचा घास हातातच राहिला.

‘‘अब्बा, विडी-सिगारेट म्हणजे अर्ध्याहून जास्त धंदा आहे. पानं खातंय कोण आता? तुम्ही बंद केलंत म्हणून गावातली एक तरी विडी कमी होणार आहे का? सगळं गिऱ्हाईक पंपावर जाईल.’’

‘‘जाईल,’’ कादरभाई म्हणाले.

‘‘मग?’’

‘‘मग काय. मी देनार न्हाई एवढंच. बाकी गावाचं गाव बघंल.’’ त्यांनी पाण्याचा घोट घेतला. ‘‘आन् इम्रान, तुझ्या दादांना, माझ्या अब्बांना, टीबी न्हवताच, असं वाटतंय मला.’’

 इतका वेळ भाकरी थापत असलेल्या कादरभाईंच्या पत्नी मुबारकबींनी तव्यावरून मान वर केली.

‘‘मी निकाह होऊन आले तेव्हापासून सांगतेय, ह्या धुराचा वास तुमच्या सदऱ्यातून धुऊन जात नाही म्हणून. तेव्हा ऐकलं नाहीत. त्या राधाकिसनभाऊनं चार माणसांत तुमचं तोंड बंद केलं तेव्हा अक्कल आली. मला सांगितलं असतंत तर मीही रस्त्यात उभी राहून बोलले असते.’’ भाकरी उलटून त्या म्हणाल्या, ‘‘विडीच्या जागी शेंगदाणे ठेवा, मी भाजीन. खारेसुद्धा. पण परतताना हात दुखतात, तेव्हा परतायचं तुम्ही.’’

मुबारकबींच्या घरात यापुढे चर्चा होत नसे.

बंडले आणि पाकिटे कर्जतच्या ज्या व्यापाऱ्याकडून आली होती, त्याने ती कुरकुरत परत घेतली. तंबाखूच्या पुड्याही गेल्या. राहिली ती पाने, सुपारी, बडीशेप, गुलकंद; आणि रिकाम्या फळ्यांवर आले ते फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या, पाण्याच्या बाटल्या आणि केळी. सर्व उंचीप्रमाणे मांडून झाल्यावर कादरभाईंनी अब्बांची दोरी खिळ्यावरून काढली. फळीखाली सुंभाचे एक नवे, मोठे वेटोळे पडले होते. तेही काढून बाकावर ठेवले. मग लोबान फिरवून ते जागेवर बसले आणि रस्त्याच्या वळणाकडे पाहू लागले.

पहिली गाडी आली. एकाने पाण्याची बाटली मागितली.

‘‘बोहनी व्हायचीय,’’ कादरभाई म्हणाले. ‘‘जरा थांबा.’’

ते थांबले नाहीत. सोलापूरची गाडी गेली, जामखेडची गेली. बसस्थानकातली माणसे गंमत पाहू लागली. ‘‘चाचांनी उपास धरलाय,’’ असे कोणी म्हणाले. पलीकडे, पंपाच्या टपरीवर, फेटा आला, विडी पेटली, आणि विडी अर्धी झाली तेव्हा फेट्याने पहिल्यांदा मान वळवून इकडे पाहिले. कादरभाईंनी नजर हटवली नाही. ऊन टपरीच्या फळीवर चढले. केळी ऊन खाऊ लागली. दोनदा गिऱ्हाईक येऊन परत गेले. शेवटी फेटा रस्ता ओलांडून आला आणि चार हात अंतरावर उभा राहिला.

‘‘बोहनी झाली का?’’

‘‘कोन करनार?’’

राधाकृष्ण पुढे आले. त्यांनी फळ्या वरपासून खालपर्यंत वाचून काढल्या.

‘‘ह्ये दुकान हाय का पोरीचं डोहाळजेवान?’’

कादरभाईंनी फडक्याने एक बरणी पुसली.

‘‘विडी कुठाय?’’

‘‘संपली.’’

‘‘कवा यील?’’

‘‘यायची न्हाई. तुलाबी न्हाई, ह्यांनाबी न्हाई. कुनाची छाती पत्र्याची न्हाई, राधाकिसन. माझ्या बापाचीबी न्हवती.’’

राधाकृष्णांनी खांबाकडे पाहिले. खिळा मोकळा होता. ज्या दोरीवर त्यांनी मिसरूड फुटल्यापासून विडी पेटवली, ती बाकावर गुंडाळून ठेवलेली होती. त्यांनी फेटा काढून पुन्हा बांधला आणि मग खिशातून नोट काढून पुढे केली.

‘‘फुटानं दे.’’

कादरभाईंनी नोट डोळ्यांना लावली. ती तशी थोडा जास्त वेळ लावलेली राहिली. मग त्यांनी पुडी बांधून दिली. राधाकृष्णांनी एक फुटाणा तोंडात टाकला, इकडून तिकडे फिरवला आणि थुंकून टाकला.

‘‘अरं, दात हायत का मला? गिऱ्हाईक बघून माल द्यावा का न्हाई?’’

‘‘मग मागितलंस कशाला?’’

‘‘बोहनी हाय म्हनून! केळं आन हिकडं.’’ केळे खाता खाता त्यांनी बाकावरचे सुंभाचे वेटोळे दुसऱ्या हाताने चाचपले. ‘‘ह्याचं काय करनार?’’

‘‘काय म्हाईत.’’

‘‘माल बरा हाय. दुहेरी पिळला तर खोंडाला दावं व्हईल. त्याचं तुटल्यापासनं चिंध्या बांधून ठिवलाय.’’ असे म्हणून त्यांनी वेटोळे काखेत मारले, खिशातले राहिलेले अर्धे बंडल काढून कादरभाईंपुढे फळीवर ठेवले आणि वस्तीची वाट धरली. ते बंडल कादरभाईंनी विकले नाही, फेकलेही नाही. पाण्याच्या बादलीत बुडवून मग उकिरड्यावर टाकले.

पुढचा महिना सोपा गेला असे म्हणणे खोटे होईल. विडी सुटलेला राधाकृष्ण हा विडी ओढणाऱ्या राधाकृष्णाहून सर्वार्थाने अवघड माणूस निघाला. ते सकाळी येत, बोहनी करीत आणि मग दुपारपर्यंत बाकावर बसून जगाला नावे ठेवीत. बडीशेप जुनी होती, सुपारी किडकी होती, गाड्या उशिरा होत्या, कादरभाईंचे तोंड पाहवत नव्हते. तल्लफ आली की ते राजगिऱ्याची वडी भिजवून खात आणि मुबारकबींना दुवा देत. एकदा मात्र ते वस्तीवरच्या गड्याकडून विडी मागून ओढून आले. बाकावर टेकताच कादरभाईंनी नाक वर केले.

‘‘कुनाची?’’

‘‘एकच हुती.’’

‘‘सुटी विकायला बंदी हाय, द्यायालाबी हाय,’’ असे ठोकून देऊन कादरभाईंनी त्यांना दवाखान्यात नेले आणि डॉक्टर निकितांपुढे कबूल करायला लावले. डॉक्टर रागावल्या नाहीत. पुष्कळांचे असे घसरणे होते, त्यावरून सगळे सोडून द्यायचे नसते, असे त्या म्हणाल्या आणि चघळायच्या गोळ्या लिहून दिल्या. राधाकृष्ण बाहेर येऊन म्हणाले, ‘‘पोरगी गुनाची हाय. तू न्हाईस.’’ त्यानंतर मात्र कादरभाईंचे नाक कधी वर झाले नाही.

ठरलेल्या तारखेला राधाकृष्ण नगरला गेले. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी छबूबाईंच्या तोंडी ते नगरच आहे. श्वासाच्या चाचणीचा नळा त्यांनी सर्जनसाहेबांना हवा तेवढा फुंकून दाखवला, आणि ऑपरेशन झाले. बोहनीचे काय करायचे, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवले होते. रोज सकाळी छबूबाई फोन लावून नवऱ्याच्या कानाला धरत, आणि मिरजगावात कादरभाई फोनचा आवाज मोठा करून तो फळीवर ठेवत. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आवाज आला तो इतका बारीक होता की बसस्थानकातला गोंगाट कादरभाईंनी हात वर करून थांबवला.

‘‘...केळं,’’ फोन म्हणाला.

‘‘दिलं,’’ कादरभाई म्हणाले आणि एक केळे बाजूला काढून ठेवले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या गिऱ्हाइकाला पाण्याची बाटली दिली.

त्या दिवसांत बाजूला काढलेली केळी कादरभाई दुपारी राधाकृष्णांच्या वस्तीवर नेत. ती खोंडाला मिळत. सुंभाच्या नव्या दाव्याला बांधलेले ते जनावर अतिशय सभ्यपणे केळी खाई. ज्याच्यामुळे हे सर्व घडले, त्याच्या पाठीवरून हात फिरवताना आपण काय पुटपुटत आहोत हे कोणी ऐकत तर नाही ना, म्हणून कादरभाई इकडेतिकडे पाहून घेत.

धंदा पूर्वीसारखा राहिला नाही. इम्रानचे म्हणणे बव्हंशी खरे ठरले. पंपाची टपरी भरभराटली, तिने आणखी एक बाक टाकला. शेंगदाण्याच्या पुड्या एस.टी.त बऱ्या खपतात, पण विडीची जागा शेंगदाणा भरून काढत नाही. मुबारकबींचे हात दुखतात आणि कादरभाईंना परतावे लागते. तक्रार मात्र घरात कोणी करत नाही. इम्रानही आता टेम्पोने जाताना करमाळ्याहून केळ्यांचा घड आणून टाकतो.

राधाकृष्ण परतले ते काठी टेकत. उजव्या बाजूचा एक भाग गेला होता. वळणापासून टपरीपर्यंत येताना ते दोनदा थांबले, आणि कादरभाईंनी त्यांना येताना पाहिले तरी मुद्दाम उठून पुढे गेले नाहीत, कारण तसे केलेले त्यांना चालले नसते. दर काही महिन्यांनी तपासणीला जायचे आहे. रोग पुन्हा डोके वर काढील की नाही हे डॉक्टर निकिताही सांगत नाहीत. पण डाग मुळासकट निघाला, असे सर्जनसाहेबांनी म्हटले आहे, आणि राधाकृष्ण ते बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

त्या पहिल्या सकाळी ते बाकावर टेकले आणि दम खात बसले. खिशात हात जायला वेळ लागत होता. तेवढ्यात घाईघाईने एक प्रवासी आला. नवखा असावा.

‘‘चाचा, विडी द्या. आणि पेटवायला काही?’’

कादरभाईंचे ओठ हलले. बोहनी व्हायची होती, आणि तो ‘न्हाई’ हा एक शब्द बोहनीच्या वेळी पुन्हा उच्चारायचा नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. त्यांनी मित्राकडे पाहिले.

राधाकृष्णांनी उरलेल्या श्वासाचा नीट अंदाज घेतला.

‘‘उद्या ये,’’ ते प्रवाशाला म्हणाले.

‘‘उद्या मिळेल का पण?’’

‘‘उद्या ये, म्हंजे उद्याबी हेच सांगतो,’’ राधाकृष्ण म्हणाले आणि नोट कादरभाईंपुढे केली. ‘‘केळं दे. आन् कालच्यासारखं गळकं नको.’’

‘‘काल तू कुठं हुतास?’’ कादरभाईंनी नोट डोळ्यांना लावत विचारले.

‘‘फोनवर. तिथंबी वास येत हुता.’’

कादरभाईंनी घडातले सर्वांत चांगले केळे निवडले, ते फडक्याने पुसले आणि त्यांच्या हातावर ठेवले. मग ते त्या ताटकळलेल्या प्रवाशाकडे वळले.

‘‘हां. आता बोला, साहेब. शेंगदाणं देऊ?’’